निखाऱ्यावरचं वांगं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ऑकलंडजवळच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर एक गोरे आजोबा हौसेने होस्टचं, म्हणजे तंबूंवर देखरेखीचं काम करायचे. रोज सकाळी जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत प्रत्येक तंबूपाशी थांबायचे. “किया ओरा, टीम! गवत वाळलंय, आग नको हं,” म्हणायचे आणि आपणच हसायचे.

एका दुपारी घरचे पोहायला गेले होते. गॅसवरच्या भरताला चव नाही, म्हणून मी कोळशावर वांगं ठेवलं. गवत पेटलं. आजोबांनी धावत येऊन ओल्या टॉवेलने विझवलं.

कॅम्पग्राउंडचा सरकारी अधिकारी, रेंजर, आला. आजोबा म्हणाले, “यांना सांगायचं माझ्याकडूनच राहिलं.”

मी मान डोलावली.

“मग उद्यापासून होस्ट दुसरा बघतो,” रेंजर म्हणाला.

आजोबांनी मला बजावलं होतं, हे रेंजरला सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.