खासदारांच्या भाषणातली बाई

"बाई, खाली बसा जरा. साहेबांच्या पायाशी. आणि हात जोडा."

फोटोग्राफर म्हणाला. शुक्रवार पेठेतल्या मंगल कार्यालयात, भर स्टेजवर. समोर माणसं खच्चून भरलेली. आमच्या खासदारांनी दिल्लीत, लोकसभेत, दुष्काळावर भाषण केलं होतं, त्याचा सत्कार होता. ते भाषण मराठीत छापून खुर्च्यांवर ठेवलेलं. एक प्रत माझ्याही हातात दिली. वाचायला नव्हे, फोटोत धरायला.

मी होटगीच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडत होते. अंगात त्राण उरलं नव्हतं. राग यायलाही ताकद लागते, ती कुठून आणणार? त्या दिवशी सकाळी मुकादम आला, म्हणाला, "चल, साहेबांच्या भाषणात तू हायेस." खोटं कशाला सांगू, हुरळले मी.

कारण उन्हाळ्यात साहेब कामावर आले होते, तेव्हा मीच पुढं होऊन बोलले होते. पाण्याच्या पिंपाला आम्हा महारवाड्यातल्या बायकांना हात लावू देत नसत. पाणी पाजणारा गडी वरून ओतायचा, आम्ही ओंजळ धरायची. तेही सगळ्यांचं पिऊन झाल्यावर, उरलं तर. माझी जाऊ भोवळ येऊन खडीवर पडली, तरी तिची पाळी आली नाही. सगळं सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. "हे मी दिल्लीत मांडतो," म्हणाले.

स्टेजवर मी ते भाषण वाचलं. चौथीपर्यंत शिकलेय. ओळीखाली बोट ठेवून वाचते, पण वाचते. महागाई होती, धान्यटंचाई होती, देशापुढचं संकट होतं. मग मी आले. "एका निरक्षर भगिनीने माझे पाय धरले आणि ती म्हणाली, साहेब, लेकरांना भाकर द्या."

पाण्याबद्दल अक्षर नाही. पिंप नाही, ओंजळ नाही, जाऊ नाही. पुन्हा वाचलं. चुकून राहिलेलं नव्हतं. भाकर मागणारी बाई दिल्लीला चालत होती, बरोबरीनं पाणी मागणारी नको होती. सकाळी हुरळले त्याची लाज वाटली.

"बसा की हो बाई," फोटोग्राफर कावला.

मी साहेबांकडे वळले. "म्या पाय धरले नव्हते, साहेब. म्या पाण्याचं सांगितलं हुतं. त्ये कुटं गेलं?"

साहेब कॅमेऱ्याकडं बघून हसतच होते. हळूच म्हणाले, "सगळंच तिथं मांडता येत नाही हो. गावाची बदनामी होते. बसा."

गावाची. आणि आमची रोज पिंपाशी होते ती?

पाय ठणकत होते. एरवी बसायला मिळालं असतं तर बरंच वाटलं असतं. तिथं नाही बसले. माईक जवळच होता. "आमाला पिंपाला हात लावू देत न्हाईत," एवढंच बोलले आणि कुणीतरी तो बंद केला. मुकादमानं दंडाला धरून खाली उतरवलं. "उद्यापास्नं कामावर येऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी तरीही मी कामावर गेले. पाळीची वाट न बघता पिंपात तांब्या बुडवला. आधी जावेला पाजलं, मग मी प्याले. आरडाओरडा झाला, हजेरीच्या मस्टरवरून दोघींची नावं उडाली. दुसऱ्या कामावर गेलो, तिथंही पिंपात हात घातला, तिथूनही काढलं.

जीव थकलाय. पण माझं गाऱ्हाणं आता मी कुणाच्या हवाली करणार नाही. माझ्या वतीनं कुणी बोलायला उठला, तर भर सभेत त्याला खाली बसवीन.