कूलरचं पाणी आणि आईची गाडी

ओल्या वाळ्याचा वास आला की गारखेड्यातली ती दुष्काळी दुपार आठवते. दादानं जुन्या कॉम्प्युटरमध्ये सेकंडहँड ग्राफिक कार्ड बसवलं होतं, पण गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला की कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. खोलीतला वाळ्याचा कूलर लावावा, तर नळाला आठवडाभर पाणी नव्हतं; आई टँकरच्या रांगेतून आणायची तेवढंच. "आई, एक बादली दे ना!" दादा गयावया करू लागला. "प्यायला नाय, अन् तुमच्या डब्याला पाणी व्हय?" म्हणत आईनं कपडे खळबळलेलं पाणी कूलरमध्ये ओतलं. गेम चालला! मग पदर खोचून तीच पुढं आली. "सरका, मला पळवू द्या." पहिल्याच वळणावर तिनं गाडी भिंतीवर घातली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. सकाळभर टँकरच्या रांगेत उभं राहून दुपारी असं हसणं किती अवघड, ते आता कळतं.