ग्रीसचा बोळा आणि सुकानानांचा पाय

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, गॅरेजच्या भागीदाराला नाही. आणि माझं तोंड तर तुम्हाला ठाऊक आहे! नशिराबादहून निघालेल्या गाडीचं कोणतं बेअरिंग गेलंय, ते मी जळगावात उभा राहून आवाजावरून ओळखतो, अशी माझी ख्याती. ती मीच पसरवली, ते सोडा. पण एवढ्या बडबड्या माणसाच्या पोटात एक गोष्ट नऊ वर्षं दडून राहते — म्हणजे ती कसली असेल?

सुकानानांचा किस्सा तुम्ही माझ्याकडून ऐकलाच असेल. हळदीत सांगितला, मळ्यातल्या भरीत-पार्ट्यांत तर दर हिवाळ्याला सांगितला. धरणगावच्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक आबा, त्यांचे ड्रायव्हर सुकानाना. आबांना घेऊन नाना जिनिंगच्या आवारात शिरले, गाडी थांबलीच नाही, ती थेट कपाशीच्या ढिगात घुसली. आबांना बाहेर ओढलं तेव्हा त्यांची मिशी शोधायला चार माणसं लागली! मग हसणं ओसरायच्या आत मी शेवटचं वाक्य टाकायचो — "गाडीत काहीच नव्हतं हो, म्हाताऱ्याच्या पायातच दम नव्हता." पुन्हा हशा. कोणीतरी माझ्या पानात आणखी भरीत वाढायचं.

ढीग मी सातपुड्याएवढा सांगायचो; तो दोन पुरुष उंच होता. मिशीही कोणी शोधली नाही. पण हे सगळं वाढवून सांगणं झालं — त्याची मला लाज नाही. ते शेवटचं वाक्य मात्र वाढवलेलं नव्हतं.

ते खोटं होतं.

कसं सांगू? पाइपापासून सांगतो. त्या गाडीच्या ब्रेकला इंजिनाची मदत होती. इंजिनापासून ब्रेकच्या बूस्टरपर्यंत एक रबरी पाइप जातो. इंजिन त्यातून हवा ओढतं आणि त्या ओढीने ड्रायव्हरच्या पायावरचा भार हलका होतो. पाइप बंद झाला की पेडल दगड. अपघाताच्या आदल्या दिवशी ती गाडी माझ्याकडे कार्बोरेटर साफ करायला होती. वारा सुटला होता, धूळ उडत होती. अशा वेळी जी नळी उघडी दिसेल तिच्या तोंडात ग्रीसमध्ये मळलेला कापसाचा बोळा कोंबायचा, ही माझी पद्धत. आमच्या भागात कापसाला काय तोटा? काम झालं की बोळे मोजून काढायचे. त्या दिवशी मोजले का? मी गिऱ्हाइकांना तापीच्या पुरातून जीप पोहत कशी काढली, ते सांगण्यात दंग होतो. एक बोळा आतच राहिला आणि त्यावर मी पाइप चढवला. गाडी जरा फिरवून पाहायची — तेही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी आबांना घेऊन धरणगावपर्यंत गाडी गिअरवर सांभाळत नेली. आवारात शिरताना समोर बैलगाडी आडवी आली, तिच्यात दोन बायका बसलेल्या. नानांनी दोन्ही पाय पेडलवर घातले, आणि गाडी थांबत नाही म्हटल्यावर स्टेअरिंग कापसाकडे वळवलं. दोन जीव वाचवले त्या माणसाने — आणि मी काय किस्सा केला त्याचा?

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आबांनी मला जिनिंगवर बोलावलं. आवारात सगळे जमले होते. नाना बॉनेटजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, पेडल दगडनागत व्हयी गयं व्हतं. नीट देख." मी पाइप ओढला — आणि नळीच्या तोंडाशी माझाच बोळा. माझ्याच बोटांचे ठसे त्यावर! तेवढ्यात आबा म्हणाले, "काय निघालं?"

एका शब्दाचं काम होतं. मी बोळा मुठीत घेतला, मूठ खिशात घातली. पाइप परत बसवला आणि म्हणालो, "काही नाही आबा. गाडी ठणठणीत. पाय तपासा ड्रायव्हरचा." सगळे हसले. आबांनी हात पुढे केला. नानांनी किल्ली त्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवरच्या स्टुलावर राखणीला बसले.

गेल्या महिन्यात जिनिंगचा ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. नानांनी मला थांबवलं. "भाऊ, रोज रातले पायले तेल चोळस मी. रावेरले एक मालीशवाला शे म्हणतस. मना पायले फरक पडी का?"

ऐकलंत? मला वाटत होतं, हा माणूस नऊ वर्षं मनात मला शिव्या देत असेल. त्याने तर माझं खरं मानलं होतं. रोज रात्री तेल लावून पाय चोळत होता — चांगला पाय!

या तोंडाने सांगून उपयोग नव्हता; हातांनीच दाखवायचं ठरवलं. मी आणलेल्या गाडीलाही तसाच बूस्टर होता. तिचं बॉनेट उघडलं, ग्रीसचा बोळा मळला, नानांच्या डोळ्यांदेखत पाइपात कोंबला. त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. बूस्टरमधली उरलेली ओढ संपावी म्हणून इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबायला लावलं, पाय तसाच ठेवायला सांगितला आणि इंजिन चालू केलं. पेडल दगड. नानांचा चेहरा उतरला. मग इंजिन बंद केलं, बोळा उपसून त्यांच्या तळहातावर ठेवला, पाइप बसवला. पुन्हा पाच वेळा, पुन्हा पाय तसाच. इंजिन चालू होताच पेडल त्यांच्या पायाखाली अलगद खाली गेलं — इंजिनाची मदत पोचली.

नानांनी आधी पायाकडे पाहिलं. मग बोळ्याकडे. माझ्याकडे सगळ्यात शेवटी.

"म्हणजे मना पाय बरा व्हता," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. आणि हसायला लागले — मला वाटलं होतं, मारतील. मी शेजारी बसायला गेलो तर दार आतून ओढून घेतलं. "तू खाले ऱ्हाय."

आवारात त्यांनी दर दहा पावलांवर ब्रेक मारला. हजार वेळा — बरं, सात वेळा. मी मोजले. कपाशीच्या ढिगासमोर हातभर अंतरावर गाडी थांबवून हॉर्न वाजवला. मग गेटातून बाहेर, जळगावच्या रस्त्याला लागले. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात, तो खरंच उतरतो हो.

मी गेटवरच्या त्यांच्या स्टुलावर बसलो. कापसाचा ट्रक आला. ड्रायव्हरने विचारलं, "नाना कुठे?"

"गाडी घेऊन गेले," मी सांगितलं, आणि उठून त्याला गेट उघडून दिलं.