वासराच्या जागी बोकड

नव्वदीच्या दशकात नोएडातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी दर रविवारी बायबलातली गोष्ट सांगायचो. मी नगरकडचा ख्रिस्ती पाळक, समोर बसणारे बहुतेक हिंदू, त्यातले निम्मे निवृत्त फौजी. भोवताली सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते, प्रत्येक फॅक्टरीच्या गेटवर गार्ड हवे होते आणि पेन्शनवर आलेले आमचे हवालदार तिथे खुर्ची टाकून पीत बसायचे.

उधळ्या मुलाची गोष्ट माझी हातखंडा. आपला वाटा उडवून मुलगा फाटक्या कपड्यांत घरी परततो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि पोसलेलं वासरू कापून सगळ्यांना जेवायला बोलावतो. वासरू कापलं म्हटलं असतं तर अर्धे लोक उठून गेले असते, म्हणून मी त्याचा बोकड केला होता. या हुशारीचं मला फार कौतुक होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

साताऱ्याकडचा एक हवालदार आमच्याकडे तीन महिने राहिला. त्याला भरती करतानाच बायकोनं मला सांगितलं होतं, "पाळकसाहेब, ही शेवटची वेळ. परत प्यायले तर मुलांना घेऊन मी माहेरी जाणार. फिर कुछ नहीं सुनूँगी." ती उगीच बोलणारी बाई नव्हती.

त्याला घरी सोडायच्या आठवड्यात गावाहून वडील आले. चार वर्षं त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं होतं. त्यांचं मन वळावं म्हणून मी त्यांना तीच गोष्ट सांगितली, जरा जास्तच रंगवून. म्हातारा फेट्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला आणि मी खूश झालो. दारूचे दोस्त लांब ठेवा, घरात बाटली येऊ देऊ नका, हे सगळं मी मुलाला आणि सुनेला बजावलं होतं. वडिलांना मात्र नुसती गोष्ट दिली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला मुलाच्या घरी जेवायला बोलावलं. चर्चमधली उपासना आटोपून, दोन बस बदलून पोचेपर्यंत तीन वाजले. गच्चीवर मांडव होता, मटणाचं पातेलं रिकामं झालं होतं. कँटोन्मेंटमधून त्याचे जुने साथीदार आले होते. फौजी माणूस कुणाच्या आनंदाला रिकाम्या हातानं जात नाही, कँटीनच्या कोट्यातली रम घेऊन जातो. ती त्यांची रीत, आणि इतकी वर्षं फौजींमध्ये वावरून ती मला ठाऊक नव्हती असं मी म्हणू शकत नाही. तुझ्यासाठीच तर जमलोय, एक घे, असं म्हणत त्यांनी त्याचा ग्लास भरला होता. तो पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता आणि मला ओळखत नव्हता.

मी म्हाताऱ्यावर खेकसलो, "बाबा, हे काय करून बसलात?"

"तुमच्या गोष्टीतल्या बापानं केलं तेच केलं की," ते म्हणाले. "बोकड काप, चार माणसं बोलीव. तुम्हीच सांगितलंत न्हवं?"

मला त्यांचा राग आला, त्या साथीदारांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या बोकडाचा.

खालच्या खोलीत सून ट्रंकेत मुलांचे कपडे भरत होती. "मामांना मी नको म्हणाले होते," ती म्हणाली. "पाळकसाहेबांनीच सांगितलंय म्हणाले. मग माझं कोण ऐकणार?"

म्हातारा माझ्या मागोमाग खाली आला. सुनेकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. त्यानं मलाच विचारलं, "साहेब, त्या पोराचं दुसऱ्या दिवशी काय झालं?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

सुनेनं ट्रंकेला कुलूप लावलं. "मग अर्धीच गोष्ट कशाला सांगता लोकांना?"

स्टेशनला जायला तिला रिक्षा हवी होती, ती मीच बोलावून आणली.