पैऱ्याची बैठक

बेळगावच्या आमच्या ऑफिसात नवं काम सुरू व्हायच्या आधी बैठक होते. कुणाकडून काय अपेक्षा आहे ते पडद्यावर दाखवतात आणि सगळे मूग गिळून माना हलवतात. पुढं महिनाभरानं 'हे माझं काम नव्हतंच' म्हणून भांडणं. मला त्या माना हलवण्याची चीड येते, कारण खरी बैठक कशी असते ते मी गावी, उचगावात पाहिलंय.

तिथं आमचा चार घरांचा पैरा आहे. भातलावणीला मजूर लावायचे नाहीत, एकमेकांच्या शेतात राबायचं. लावणीच्या आधी चारी घरं देवळात बसतात. पहिलं शेत कुणाचं, जेवण कुणी आणायचं, मागच्या साली कोण उशिरा आलं, सगळं तोंडावर बोलायचं. घरटी दोन माणसं यायलाच हवीत. शेवटी प्रत्येक घरानं आपली माणसं सांगायची, आणि बैठकीत दिलेला शब्द फिरवायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत भावाची, अण्णाची, बायको गेली. साधा ताप म्हणून वहिनीला दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही. मूलबाळ नव्हतं. अण्णा दार उघडं टाकून कट्ट्यावर बसून असायचा, कुणी ताट आणून दिलं तर जेवायचा. निदान पैरा तरी त्याच्या हातून सुटू नये, एवढंच मला वाटत होतं. तो सुटला असता तर अण्णा कट्ट्यावरून उठलाच नसता.

बैठकीत तो कोपऱ्यात बसला. पाळी आल्यावर सवयीनं बोलून गेला, "आमी दोघं."

मग त्याच्याच ध्यानात आलं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चुकलं रं. एकटाच हाय मी. मला पैऱ्यातनं वगळा. शेत देतो कुणाला तरी खंडानं."

शेजारच्या घरची आक्का फटकळ. ती ताडकन म्हणाली, "दोघं म्हटलास न्हवं? मग दोघंच. बैठकीतला शबुद फिरवायचा न्हाय."

"आता तिला कुठनं आणू, आक्का?"

आक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"अण्णाकडनं दुसरा मी," मी म्हणालो. रजा मिळेल की नाही याचा विचारही केला नव्हता.

लावणीत गडी चिखल करतात, रोपाच्या पेंड्या टाकतात. रोप लावतात बायका. मी वहिनीच्या जागी बायकांच्या ओळीत वाकलो. "सायबाची ओळ बघा गं, लई वाकडी!" म्हणत त्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. माझी कंबर मोडून आली. अण्णाच्या शेतात मात्र सगळ्या गप्प होत्या. तिथं पेंड्या अण्णा टाकत होता. वहिनीचा हात भारी चपळ, म्हणून तिच्या हिशेबानं तो पेंड्या लांब लांब टाकत गेला. मी कितीतरी मागं राहिलो होतो. एकदम तो थांबला. चिखल तुडवत मागं आला आणि एकेक पेंडी उचलून माझ्याजवळ ठेवायला लागला. मला वर बघवेना.

यंदा पुन्हा बैठक झाली. मी आधीच रजा टाकून गेलो होतो. अण्णाची पाळी आली. मी तोंड उघडणार तोच त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"एकटा," तो म्हणाला. "पन येतोय."

घरटी दोन माणसांचा विषय कुणीच काढला नाही. आक्का हळूच "बरं" म्हणाली आणि पुढच्या घराकडं वळली. अण्णा पैऱ्यात राहिला, मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. गेल्या साली 'दोघं' हाच शब्द धरला होता; वहिनी गेल्याचं आता बैठकीत बोलून झालं होतं, आणि तिथला शब्द कुणाला फिरवता येत नाही.