खिशातला हापूस

सिगारेट ओढत होतो तोवर मी कायदा पाळणारा, सभ्य नागरिक होतो. सोडली, आणि गुन्हेगार झालो!

झालं ते असं. माझा पुतण्या मिलिंद इंग्लंडात एका इस्पितळात नोकरीला आहे. दिवाळीत तो आमच्याकडे पेणला, रामवाडीत, राहायला आला. मला गच्चीवर जाऊन खोकताना त्याने पाहिलं (आधी ओढायची, मग खोकायचं, असा माझा शिस्तीचा क्रम होता) आणि बॅगेतून पेनासारखी एक निळी वस्तू काढली.

"काका, सिगारेटऐवजी हे ओढा. जाळ नाही, राख नाही. बटण दाबायचं, वाफ ओढायची."

"आणि हे चांगलं असतं?"

"चांगलं नाही हो. पण सिगारेटपेक्षा कमी वाईट. तिकडचे सरकारी अधिकारीच सांगतात तसं."

सरकारी अधिकारी म्हटल्यावर माझा प्रश्नच मिटला. उभी हयात रोह्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळण्यात गेली. साहेब लोकांचं म्हणणं आलं की मान आपोआप खाली जाते. आपलं सरकार याबद्दल काय म्हणतं, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं!

सिगारेट सुटली. खरंच सुटली! खोकला कमी झाला, शर्टाला वास येईना. पण या वाफेला मात्र वास होता, आणि तो होता पिकलेल्या हापूसचा. दिवाळीनंतर, ऐन थंडीत, आमच्या घरात हापूस दरवळू लागला. माझी बायको कुंदा हिचं नाक म्हणजे पोलिसांचं श्वानपथक.

"अवो, घरात आंबा हाय कुठंतरी."

"थंडीत आंबा कुठला?"

"माझं नाक खोटं बोलत नाय."

तिने तांदळाचं पिंप उपसलं. माळ्यावरची भांडी काढली. गाद्या उलट्या केल्या. शेवटी तिने असा निष्कर्ष काढला, की शेजारच्या ठाकूरवहिनींनी उन्हाळ्यातला रस फ्रीजमध्ये दडवलाय, आणि आपल्याला वाटीभरही न देता त्या एकट्या खातायत. झालं! दोघींचं बोलणं बंद. हळदी-कुंकवाला जाणं बंद. एका शब्दात ही लढाई थांबवू शकणारा एकमेव माणूस (मी) न्हाणीघरात कडी लावून वाफ सोडत बसला होता.

अशात आमच्या लेकीचं, श्वेताचं, जमायला आलं. जमायला म्हणजे, तिचं आणि ओंकार मोरेचं रोह्याच्या कंपनीत आधीच जमलं होतं; आता फक्त आम्ही ते जमवल्यासारखं करायचं होतं. ओंकारचे वडील आरोग्य खात्यात अधिकारी. शाळाशाळांत जाऊन तंबाखूविरुद्ध भाषणं देणारे. मोऱ्यांचं रोह्याचं घर बघायला निघायच्या आदल्या दिवशी श्वेता माझ्यापुढे उभी राहिली.

"पप्पा, ओंकारचे बाबा त्या बाबतीत फार कडक आहेत. तुम्ही सिगारेट सोडलीत ना? खरं सांगा."

"आईशप्पथ सोडली!" मी म्हणालो, आणि त्यात अक्षरही खोटं नव्हतं.

निघालो. गाडी मी चालवत होतो. गडबला आलो तसा मी गाडी बाजूला घेतली आणि लघवीचं निमित्त करून एका बंद दुकानामागे गेलो. दोन झुरके घेऊन आलो, तर कुंदा म्हणाली, "पेणपासून गडबपर्यंत तुम्हाला दम निघत नाय? साखर तपासून घ्या एकदा." मी वस्तू शर्टाच्या खिशात टाकली. पुढे नागोठण्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की खिशातली वस्तू उडून स्टेअरिंगवर आपटली आणि पायाशी पडली. मी ती उचलून परत खिशात ठेवली. तिचं बटण आत दबून अर्धवट अडकलंय, हे मला कळायचं काही कारण नव्हतं.

मोऱ्यांच्या घरी स्वागत झकास झालं. मोरेसाहेब उंच, शांत, इस्त्रीच्या कपड्यांतले. शेजारी ओंकारचे मामा, शरदराव, बसले होते. तेही सरकारीच, पण तपासणी खात्यातले. घरात शिरणाऱ्या माणसाकडे मालाकडे बघावं तसे बघत होते. पानं वाढली. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, वर ताक. बोलणी गोड चालली होती, आणि मामांनी विषय काढला.

"परवा कोलाडला एका टपरीवर धाड घातली. ते वाफेचं सिगारेट विकत होता. माल जप्त! या देशात बंदी आहे त्यावर. विकायचं नाही, आणायचं नाही, साठवायचं नाही!"

मला ठसका लागला. कुंदाने मला ताक पाजलं.

"पण मी म्हणतो," माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडचे सरकारी अधिकारी ते सिगारेटपेक्षा कमी वाईट आहे असं म्हणतात ना?"

"म्हणतात," मोरेसाहेब शांतपणे म्हणाले. "सिगारेटमध्ये तंबाखू जळते, धुराबरोबर डांबर छातीत जातं. वाफेत ते जळणं नाही. म्हणून जुन्या ओढणाऱ्याने सिगारेट टाकून तिकडे वळावं, असं त्यांचं मत. आपल्याकडच्या साहेबांना भीती वेगळी आहे. ज्या पोरांनी कधी काही ओढलं नाही, ती फळांच्या वासाला भुलतील आणि अडकतील."

"कमी वाईट, जास्त वाईट, हे आमच्या खात्यात नाही," मामा म्हणाले. "आमच्याकडे दोनच गोष्टी. चालतं, नाहीतर चालत नाही."

"मग सिगारेट चालते?" श्वेताने निरागसपणे विचारलं.

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तो विषय माझ्या टेबलावर येत नाही."

"पण शरदराव, तुलनाच करायची झाली तर..." मोरेसाहेब सरसावले. मेहुण्या-मेहुण्यांची जुंपली. एक म्हणे कमी विष म्हणजे काही दूध नव्हे, पण कमी ते कमीच; दुसरा म्हणे तुलना करायचीच कशाला. मी दोघांनाही मान डोलावत होतो, आणि डोलावता डोलावता मला छातीशी चटका बसू लागला. आधी वाटलं, भीतीने असेल. मग वाटलं, हार्ट अटॅक! मग मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली,

"अगो बाय, आंबा कोणी कापलान?"

सगळ्यांनी वास घेतला. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टाच्या खिशातून, देवापुढच्या धूपासारखी, पांढरी वाफ संथपणे वर चालली होती!

मी ती वस्तू काढली. तापली होती इतकी, की या हातातून त्या हातात नाचवावी लागली. पहिला आवाज फुटला तो कुंदाचा.

"म्हंजे आंबा तुमच्या खिशात होता व्हय! आणि मी त्या बिचारीशी बोलणं टाकलं!"

"खाली ठेवा ती," मामा उठून उभे राहिले. "मी आज रजेवर आहे, पण डोळे रजेवर नाहीत. कुठून आणलीत?"

श्वेताचा चेहरा पांढरा पडला. तिच्याकडे पाहिलं आणि माझी सगळी अक्कल (होती तेवढी) गळाली. मी मोरेसाहेबांपुढे हात जोडले. "साहेब, पुतण्याने दिली. बंदी आहे हे खरंच माहीत नव्हतं. सिगारेट सुटावी म्हणून ओढली, आणि ती सुटली. मला काय करायचं ते करा, पण पोरीचं मोडू नका. ती काहीच ओढत नाही. तिला उदबत्तीचासुद्धा त्रास होतो!"

मोरेसाहेबांनी माझ्या नाचत्या हातातून ती वस्तू चिमट्यात धरावी तशी धरली, आणि सरळ पाण्याच्या तांब्यात टाकली. फुस्स!

"दाजी!" मामा ओरडले. "पुरावा बुडवलात!"

"पुरावा नाही बुडवला. व्याही वाचवला," मोरेसाहेब म्हणाले. "बसा खाली, शरदराव, बिरडं गार होतंय."

व्याही! तो शब्द कानावर पडला आणि मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. श्वेता रडत होती की हसत होती, ते पदराआड कळलं नाही. मोरेसाहेब माझ्या पानात बिरडं वाढत म्हणाले, "पाटील, तिकडचे साहेब आणि इकडचे साहेब काय भांडायचं ते भांडोत. काहीच न ओढणं सगळ्यांत चांगलं, याला दोघांपैकी कोणाचीच हरकत नाही. मी मदत करतो."

आणि केली हो त्यांनी! रोज सकाळी फोन. "ओढली?" "नाही." "वाफ?" "नाही." "तलफ आली तर बडीशेप खा." मी इतकी बडीशेप खाल्ली की वाण्याने विचारलं, हॉटेल काढलंत काय? माझी चिडचिड वाढली. पत्रिका छापणाऱ्याशी भांडलो, मांडववाल्याशी भांडलो, गुरुजींशी मुहूर्तावरून भांडलो. ठाकूरवहिनींची माफी मागायला कुंदाने पाठवलं, तर तिथेही भांडून आलो. पण ओढली नाही!

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी मात्र माझा बांध फुटला. मी भर मांडवात असा हंबरडा फोडला की बँड वाजायचा थांबला. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बापाचं काळीज गो!" मोरेसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. श्वेता गळ्यात पडून हळूच म्हणाली, "पप्पा, रोहा काय लांब नाय. दर रविवारी येईन."

मी नुसती मान हलवली. पहिला हंबरडा तिच्यासाठीच होता, पण आताचे हुंदके कशाचे, हे तिला काय सांगणार? वाजवायचं थांबलं म्हणून तिच्या पाठीमागे बँडमास्तरने निवांत विडी पेटवली होती, आणि वारा नेमका माझ्याकडे येत होता!