कुणीही केलं असतं

आमचे मामा गेल्या महिन्यात गेले. कारखान्याने शोकसभेत त्यांना मोठे संशोधक म्हटलं. जिवंतपणी याच कारखान्याने तीन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ते का, ते सांगते.

मामा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तिथे झिओलाइट म्हणून पांढरी भुकटी असते, कणाकणाला बारीक छिद्रं. जाड तेलाची वाफ त्यातून गेली की पेट्रोल होतं. पण छिद्रं लवकर बुजतात. सगळे भुकटीला आधी वाफ द्यायचे, मग आम्लाने धुवायचे. मामांनी उलटं केलं. एक्केचाळीस घाणे वाया गेले, बेचाळिसावा तिप्पट टिकला. कारखान्याने पेटंट घेतलं, त्यावर मोठ्या साहेबांच्या नावाखाली मामांचं नाव. मामीने तो कागद चार घरी फिरवला. मामांना एकच हवं होतं, ते नाव टिकावं.

मग दुसऱ्या कंपनीने हरकत घेतली. म्हणे यात नवीन काय, जाणकार असेल त्या कुणालाही सुचलं असतं. हे खरं ठरलं की पेटंट रद्द. मामांची साक्ष लागली. कारखान्याच्या वकीलबाईंनी आठवडाभर पढवलं.

"मामा, सोपं होतं असं चुकूनही म्हणायचं नाही."

"नाही म्हणत."

पण कौतुक केलं की मामा अंगावर पाल पडल्यासारखं झटकायचे. समोरचा वकील पक्का गोडबोल्या. हात जोडून म्हणाला, "काका, कमाल केलीत! एवढे शिकलेले लोक, पण सुचलं तुम्हालाच!"

मामा लाजून लाल. "छे हो, त्यात काय एवढं? कुणीही केलं असतं."

कोर्टातल्या टायपिस्ट बाईने शब्दन् शब्द टाइप केला.

वकीलबाई ताडकन उठल्या. "मामा, घाणे किती वाया गेले ते सांगा ना!"

मामांनी मागे पाहिलं. मोठे साहेब बसलेले. त्यांच्यादेखत एक्केचाळीस कोण सांगणार?

"असतील दोन-चार."

वकीलबाई मटकन खाली बसल्या.

पेटंट गेलं, नावही गेलं. निकालात लिहिलं होतं, साक्षीदार हे या कामातले सामान्य जाणकार आहेत. मामी कडाडली, "अहो, तीस वर्षं आम्लाने बोटं भाजून घेतलीत आणि सामान्य? ते तर मी घरबसल्या सांगितलं असतं!"

मामा चष्मा पुसत म्हणाले, "अगं, पुढचा शब्द वाच की. जाणकार लिहिलंय. साहेबांना तर तेवढंही नाही."